रंगाच्या धंद्यात टेक्निशियन : प्लँट, लॅब की साइट?

तारापूर, तळोजा, महाड, लोटे या पट्ट्यात रंग आणि रेझिनच्या कारखान्यांत नोकरी शोधताना जाहिरातीत शब्द एकच असतो, टेक्निशियन. आत गेल्यावर कळतं की त्यामागे तीन वेगळी कामं आहेत : प्लँटमध्ये रंग बनवणं, लॅबमध्ये तो तपासणं आणि साइटवर तो नीट लावला जातोय का हे बघणं. निवडताना सुरुवातीच्या पगारापेक्षा एक गोष्ट आधी बघावी : हातून चूक झाली तर ती कुठे निस्तरावी लागते. प्लँटमधली चूक बहुतेक वेळा टाकीतच सुधारता येते. लॅबमधली नजरचूक डब्यात भरून गिऱ्हाइकाकडे जाते. साइटवरची चूक लोखंडावर वाळून बसते, मग ग्राइंडर घेऊन खरवडा.

आयटीआयचा 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट' हा दोन वर्षांचा ट्रेड सरळ प्लँटकडे नेतो. 'लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लँट' किंवा केमिस्ट्रीची बीएससी असेल तर लॅब. साइटला ठरावीक ट्रेड नाही. तिथे पुढे प्रमाणपत्र बघतात.

प्लँटमध्ये दिवसाची सुरुवात चार्जिंगने, म्हणजे टाकीत माल घालण्याने होते : रेझिन (रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग), सॉल्व्हंट, डिस्पर्सिंग एजंट (कण सुटे ठेवणारं रसायन), मग पिगमेंट (रंगाची पूड) हळूहळू, एचएसडी म्हणजे वेगाने फिरणाऱ्या दातेरी डिस्कचं ढवळयंत्र चालू ठेवून. डिस्कच्या कडेचा वेग सेकंदाला १८ ते २५ मीटर लागतो. ३०० मिमीच्या डिस्कला २० मीटरसाठी मिनिटाला साधारण १२७० फेरे येतात. डिस्कभोवती माल घट्ट गोल कड्यासारखा फिरला पाहिजे. माल पातळ असेल तर नुसता उडतो आणि पिगमेंटचे गोळे फुटतच नाहीत. नवखा ऑपरेटर इथे उलट करतो : मोटर जड चालली की थिनर ओततो. मग बीड मिलवर (बारीक मण्यांनी दळणारी चक्की) पास वाढतात, हेगमन गेजवर (कण मोजायची खाचेची पट्टी; आकडा मोठा तितके कण बारीक) ग्राइंड, म्हणजे कणांचा बारीकपणा, सरकत नाही. ग्लॉस एनॅमलला ७ च्या पुढे, म्हणजे १२ मायक्रॉनच्या आसपास हवं. प्रायमरला ५ सुद्धा चालतं.

बॅच बिघडण्याची खरी जागा मात्र लेटडाउन, म्हणजे दळलेल्या मालात उरलेलं रेझिन आणि सॉल्व्हंट मिसळणं, ही आहे. मिलबेसमध्ये (दळलेला घट्ट माल) नुसतं सॉल्व्हंट एकदम सोडलं की पिगमेंटवरचं रेझिन सुटतं, कण पुन्हा गोळा होतात, ग्राइंड ७ वरून ४ वर येतं. म्हणून आधी रेझिन, तेही ढवळत आणि बारीक धारेने, सॉल्व्हंट शेवटी. ड्रम आणि टाकीला अर्थिंग क्लिप लावल्याशिवाय टोल्युइन ओतायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी अंगवळणी पडला पाहिजे.

रेझिन प्लँट मिळाला तर काम आणखी जबाबदारीचं. अल्किड (ऑइल पेंटचं रेझिन) २२० ते २५० अंशांवर शिजतं, ठरावीक वेळाने ॲसिड व्हॅल्यू (उरलेल्या आम्लाचं प्रमाण) आणि व्हिस्कॉसिटी (दाटपणा) बघत. उशीर झाला तर अख्खी केटल (शिजवायचं भांडं) जेल होते, म्हणजे आतला माल थिजून बसतो, आणि ती साफ करायची म्हणजे छिन्नी-हातोडा. पण इथे शिकलेला ऑपरेटर फार्मा किंवा पॉलिमरकडेही जाऊ शकतो. नुसत्या मिक्सिंगवाल्याला ती सोय कमी.

लॅब थंड, स्वच्छ आणि बहुधा जनरल शिफ्टची. मोठ्या कारखान्यांत तीही तीन शिफ्टमध्ये चालते. इथे घाई नडते. फोर्ड कप बी४ ने (तळाला भोक असलेला कप; रिकामा व्हायला लागणारे सेकंद मोजतात) व्हिस्कॉसिटी ३० अंशांना मोजायची असते. जानेवारीत पहाटे सॅम्पल २२ अंशांवर असतं, सेकंद जास्त येतात, लॅबवाला 'थिनर घाला' म्हणतो आणि दुपारी तोच माल पाण्यासारखा पातळ निघतो. सॅम्पल वॉटर बाथमध्ये ठेवण्याची दहा मिनिटं वाचवली की असं होतं. हेगमनची रेघ ओढल्यावर दहा सेकंदांत, तिरक्या नजरेने वाचायची. सॉल्व्हंट उडालं की आकडा खोटा.

शेड मॅचिंग हे लॅबमधलं सर्वात किमतीचं कसब. स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजायचं यंत्र) डेल्टा ई, म्हणजे दोन शेडमधला फरक आकड्यात सांगतो, पण डी६५ (दिवसाच्या प्रकाशासारख्या प्रमाणित) उजेडात जुळलेला शेड ट्यूबलाइटखाली वेगळा दिसू शकतो, म्हणून दोन्ही उजेडांत बघायचं. टिंटर (शेड वळवायचा दाट रंग) अर्धा अर्धा टक्का घालायचा. जास्त पडला तर परत काढता येत नाही, बॅच वाढवावी लागते. यात हात बसलेल्या माणसाला कंपन्या सहज सोडत नाहीत. बाकी रोजची कामं, म्हणजे ६० अंशांच्या कोनातून ग्लॉस (चकाकी), क्रॉस-कट (चौकटी कापून रंगाची पकड बघणं), ३५ अंश तापमानाला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा सॉल्ट स्प्रे (गंज बघायला), दोन वर्षांत सरावाची होतात. मग कंटाळा येतो, हे आधीच माहीत असावं.

साइटवर रंग बनवायचा नसतो, तो नीट लावला जातोय का हे बघायचं असतं : टाक्या, पूल, पाइपलाइन, जहाजं. ब्लास्टिंग (खडीच्या माऱ्याने गंज काढणं) एसए २½ या सफाईच्या दर्जापर्यंत, पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं) किमान ३ अंश वर, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात हे क्वचित जमतं, काम बंद राहतं आणि ठेकेदार 'चालू द्या की' म्हणत मागे लागतो. नाही म्हणता येत नसेल तर हे काम घेऊ नका. हिशेबही पक्का हवा : ८० टक्के व्हॉल्यूम सॉलिडचा (वाळल्यावर ८० टक्के आकारमान उरणारा) इपॉक्सी १२५ मायक्रॉन कोरडा हवा असेल तर ओला थर १५६ लागतो, ५ टक्के थिनर घातल्यावर १६४. थंड, दमट रात्री इपॉक्सीवर चिकट अमाइनचा थर येतो; तो पाण्याने धुतल्याशिवाय दुसरा कोट मारला तर पापुद्रे सुटतात.

या साइटच्या कामात एएमपीपी या अमेरिकी संस्थेचं कोटिंग इन्स्पेक्टरचं पातळी १ चं किंवा नॉर्वेच्या फ्रोसिओचं प्रमाणपत्र चालतं. फी स्वतः भरायची असेल तर भारी पडते, म्हणून आधी वर्ष-दोन वर्षं साइट बघून मगच भरावी. आखातात जायचं असेल तर मात्र याच कागदाला वजन आहे. प्लँटवाल्याला सुपरवायझर व्हायला एमएसबीटीईचा (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स डिप्लोमा उपयोगी पडतो.

मुलाखतीत दोन गोष्टी स्पष्ट विचारा : पगारपत्रक कंपनीचं की ठेकेदाराचं, आणि रात्रपाळी महिन्यातून किती. आणि लॅबकडे ओढा असेल तर अर्ज करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन इशिहारा चाचणी (रंगांधळेपणाची, ठिपक्यांतले आकडे वाचायची) करून घ्या. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणाऱ्या बऱ्याच मुलांना ते ठाऊकच नसतं, आणि शेडच्या टेबलावर ते पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं.