जुन्या तसबिरीची सोनेरी चौकट: वर्ख की डबीतला रंग?

नांदेडच्या जुन्या वाड्यातल्या तसबिरीची सोनेरी चौकट कोपऱ्यात उडाली, की हात आधी डबीतल्या सोनेरी रंगाकडे जातो. स्वस्त आणि झटपट. पण त्यात सोनं नसतं, बहुधा तांबं-जस्ताची पूड असते. काही वर्षांत ती तपकिरी पडते आणि डाग उठून दिसतो.

अस्सल सोन्याचा वर्ख, म्हणजे सोन्याची अतिपातळ पानं, काळवंडत नाही. चौकटीवर चौकोनी पानांच्या जोडरेषा आणि झिजलेल्या कडांखाली तांबडी माती दिसली, तर माझ्या मते वर्खच हवा. आधी खडूपूड-सरसाचा लेप, त्यावर तांबडी माती, मग वर्ख. शेवटी कडा कापसाने हलकेच झिजवायच्या, तेव्हा कुठे जुन्याशी मेळ बसतो. पंखा मात्र बंद, मराठवाड्याच्या ऐन मे महिन्यातही. वर्ख श्वासानेसुद्धा उडतो.

मूळ काम रंगाचंच असेल तर डबी चालेल. जुन्या वर्खावर ती फासू नका, नंतर काढताना खालचं सोनंही जातं.