मंत्रचळ: आधी गोळ्या की थेरपी?

साबणाने ताईच्या हातांना भेगा पडल्या होत्या, तरी नळ बंद होत नव्हता. ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ (नकोसे विचार पुन्हापुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं), असं निदान झालं आणि घरात एकच प्रश्न उरला: गोळ्या की थेरपी?

गोळ्या कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ लगेच सुरू करू शकतो, हा त्यांचा मोठा फायदा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन ही नेहमीची नावं. डोस मात्र नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो आणि गुण येतोय का हे कळायला 8 ते 12 आठवडे जातात. सुरुवातीला मळमळतं, झोप बिघडते. कित्येक जण तिथेच गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही ती निदान वर्षभर घ्यायची असते, मनाने बंद करायची नाही. क्लोमिप्रामिन जुनं आणि गुणकारी, पण दुष्परिणाम जास्त, म्हणून ते सहसा नंतर देतात.

थेरपी म्हणजे ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन): ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि नेहमीची कृती टाळायची. ताईने चपलेच्या तळाला बोट लावायचं आणि हात न धुता बसून राहायचं. भीती 100 पैकी किती, ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी 90. पाऊण तासाने 60. तो पाऊण तास आम्हालाही सोसवला नाही. महिन्याभराने त्याच चपलेसमोर तिने 30 लिहिले. साधारण 12 ते 20 सिटिंग लागतात, शिवाय घरी रोजचा सराव. औषध थांबवल्यावर त्रास परतण्याची शक्यता जास्त. ईआरपीतून शिकलेलं अधिक टिकतं. अडचण ही की ती नीट शिकलेले थेरपिस्ट मोजकेच. फोनवरच विचारा, ‘ईआरपी करता का? घरी सराव काय देता?’ ‘असले विचार करू नकोस’ एवढंच सांगणारं समुपदेशन इथे कामाचं नाही.

माझं मत: त्रास सौम्य वा मध्यम असेल आणि थेरपिस्ट मिळत असेल तर आधी ईआरपी. तासन्‌तास त्यातच जात असतील, जेवण-झोप सुटली असेल किंवा जोडीला नैराश्य असेल तर डॉक्टरांशी बोलून गोळ्याही सोबत घ्या. आम्ही दोन्ही केलं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलत असेल तर मात्र थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

घरच्यांना काम दोन्हीकडे आहेच. ‘माझे हात स्वच्छ आहेत ना गं?’ असं ताई दिवसभर विचारायची आणि आई दर वेळी ‘हो’ म्हणायची. थेरपिस्टने ते ‘हो’ हळूहळू बंद करायला सांगितलं. आईला ते फार जड गेलं.