४० लिटरांचा संसार: चौदा महिने वापरून झाल्यावर

नवी कोरी सॅक पाठीला लावून आठवड्याभरात लिहिलेल्या परीक्षणांवर माझा काडीचा विश्वास नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्याच सॅका गुणी असतात. म्हणून मुद्दाम थांबले. आता चौदा महिने झालेत, पंधरा मुक्काम झालेत, एक पट्टा तुटून पुन्हा शिवून झालाय आणि आतला लेप मी स्वतःच्या हाताने खरवडून काढलाय. आता बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते या मापाच्या बहुतेक सॅकांना लागू पडेल.

पार्श्वभूमी थोडक्यात. भाड्याचं घर सोडलं, सामान वाटून-विकून टाकलं. माझं काम सबटायटल लिहिण्याचं. लॅपटॉप आणि बरं इंटरनेट मिळालं की कुठेही होतं. ठरवलं होतं की परदेशात राहायचं, एका जागी फार रुतायचं नाही, खर्च हात राखून करायचा आणि विमानात सामान चेक-इनला द्यायचं नाही. स्वस्त विमान कंपन्या तिकिटात सोडतात ते सामानात वसूल करतात, हे सगळ्यांना माहीत असतं. एका सॅकेत संसार बसवला की हा खर्च शून्य, असा माझा सरळ हिशेब होता.

हिशेबातली पहिली फट विमानतळावरच दिसली. हातातल्या सामानाचं माप बऱ्याच ठिकाणी ५५ × ४० × २० सेंटिमीटरच्या आसपास असतं. माझी सॅक त्यात बसते, पण पुढचा कप्पा रिकामा असेल तरच. तो भरला की विसाचे सव्वीस होतात. पहिल्यांदा मापाच्या लोखंडी चौकटीत गुडघ्याने ढकलून बसवली. दुसऱ्यांदा बसली, पण बाहेर निघेना; मागच्या माणसाने चौकट धरली, मी सॅक ओढली आणि काउंटरवरच्या बाईंनी हसून जाऊ दिलं. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. त्या दिवशी भरलेले पैसे तिकिटापेक्षा जास्त होते.

‘४० लिटर’ या आकड्यावरही फार विसंबू नका. आकारमान मोजायची एक प्रमाण पद्धत आहे. सॅकेत २० मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे गोळे ओतायचे आणि किती मावले ते मोजायचं. पण सगळे त्याच पद्धतीने मोजतात असं नाही. बाहेरचे जाळीचे खिसे धरायचे की नाहीत इथपासून फरक पडतो. दुकानात शेजारी टांगलेल्या ४० लिटरच्या दोन सॅकांमध्ये एक जाड स्वेटर कमी-जास्त होऊ शकतो.

आणि खरी अडचण लिटरांची नाही, किलोंची आहे. सॅक रिकामी १.६ किलो. जिथे मर्यादा ७ किलोची, तिथे हातात उरतात ५.४. लॅपटॉप आणि चार्जर मिळून २ किलो गेले. पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं, जास्तीची चप्पल यांचा एक किलो. म्हणजे कपडे, टॉवेल, साबण या सगळ्याला २.४ किलो. थंडीच्या देशात मी विमानात सदरा, स्वेटर आणि जाकीट एकावर एक चढवून, खिशात चार्जर कोंबून बसलेय. घामाने भिजले, पण वजन बसलं.

पॉवर बँकेचं एक नीट लक्षात ठेवा. ती चेक-इन सामानात चालत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते, आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंत (म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) कुणाला विचारावं लागत नाही. माझी २०,००० एमएएचची आहे, ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की ७४ वॉट-अवर, म्हणजे निर्धास्त. पण विमान भरलेलं असलं की ऐन वेळी दाराशी सांगतात, ‘सॅक खाली सामानात टाकतो.’ तेव्हा पॉवर बँक काढून हातात घ्यावी लागते. मी ती लॅपटॉप सुरक्षित राहावा म्हणून अगदी तळाशी, आतल्या कपड्यांत गुंडाळून ठेवली होती. मागे चाळीस माणसं रांगेत आणि मी जमिनीवर उकिडवी बसून एकेक कपडा बाहेर काढतेय. तेव्हापासून ती वरच्या छोट्या कप्प्यात असते.

आता कापड. बाहेरचं ४२० डेनियरचं नायलॉन. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तेवढा धागा जाड. बसच्या टपावर, सिमेंटच्या जिन्यांवर, एकदा बोटीच्या ओल्या फळ्यांवर पडली, पण बाहेरून अजून धड आहे. घात आतून झाला. पाणी अडवायला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट समुद्रकाठी दहा आठवडे सॅक कपाटात बंद होती. बाहेर काढली तर आत हात चिकटायला लागला, आंबट वास येत होता आणि पांढरे पापुद्रे माझ्या काळ्या पँटवर कोंड्यासारखे बसले होते. दमटपणात आणि उष्णतेत हा लेप हळूहळू विघटित होतो. व्हायला सहसा काही वर्षं लागतात. माझी सॅक बहुधा विकली जाण्याआधीच गोदामात बराच काळ पडून असावी. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘ही नैसर्गिक झीज आहे.’ वॉरंटीचं कार्ड मी इतके महिने जपून वागवलं होतं, त्याचं वजन तरी वाचलं.

शेवटी स्पिरिट, जुना टूथब्रश आणि दोन संध्याकाळी घालवून लेप उतरवला. सॅक आता पाणी अडवत नाही. आत कचऱ्याची जाड काळी पिशवी उघडी घालते, सामान तिच्यात भरते आणि तोंडाला पीळ देते. खरं सांगू? लेपापेक्षा हे बरं चालतं, कारण मुसळधार पावसात पाणी मुळात शिवणीतून आणि चेनमधून शिरतं. कपाटात ठेवताना मात्र सॅक उघडी ठेवा, हवा लागू द्या.

चेनबद्दल एक गोष्ट कुणीतरी मला आधी सांगायला हवी होती. चेन लावली तरी मागून दाते उघडायला लागले, तर बहुतेक वेळा दाते ठीक असतात. सरकणारा तुकडा झिजून सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही बाजू किंचित दाबल्या की काही महिने निघतात. मी आधी नवी सॅक घ्यायला निघाले होते. खांद्याचा पट्टा तुटला तेव्हा चपला दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी तो जाड दोऱ्याने असा काही शिवून दिला, की आता कारखान्यातला पट्टाच आधी जाईल असं वाटतं. भाषा एकमेकांची येत नव्हती. त्यांनी सॅक उचलून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि दुसरा पट्टाही न विचारता शिवला.

हे सगळं सॅकेचं झालं. पण ज्या कामासाठी घेतली ते काम, म्हणजे पैसे वाचवणं, तिने केलं का?

पहिल्या चार महिन्यांत अकरा मुक्काम झाले. हलकी सॅक हाताशी असली की हलायला निमित्त लागत नाही. कंटाळा आला, उचल. खर्चाची वही दर महिन्याला भरत होते, पण बेरीज करायची टाळत होते. ती करायची वेळ माझ्याच चुकीने आली. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि सगळे २९ देश मिळून एकच हिशेब. येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस, दोन्ही मोजतात. मी ७० दिवस राहिले, तीन आठवडे बाहेर गेले आणि परत आले, या समजुतीने की बाहेर पडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. येत नाही. १८० दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते, आणि माझे आधीचे ७० दिवस तिच्यातच होते. चौदाव्या दिवशी युरोपीय संघाच्या अधिकृत गणकात तारखा टाकल्या तेव्हा कळलं, की हातात सहा दिवस उरलेत. मिळेल त्या भावाचं तिकीट काढलं आणि जिथे सलग तीन महिने राहता येईल अशा दमट समुद्रकाठी जाऊन पडले. (लेप तिथेच गेला.)

तिथे थकून एका खोलीचं महिन्याचं भाडं एकदम दिलं आणि वही उघडली. स्वस्त म्हणवणाऱ्या जागांमधले ते चार महिने मी घर करून राहत होते त्यापेक्षा महाग पडले होते. सामानाचा खर्च वाचला होता खरा, पण नव्या गावातला पहिला आठवडा दर वेळी खिसा कापून गेला होता. कुठली बस कुठे जाते माहीत नाही म्हणून टॅक्सी. सिमकार्ड नवं. बादली, साबण, धुण्याची पावडर पुन्हा विकत घ्यायची आणि अर्धी सोडून निघायचं. भाडं रात्रीच्या दराने. कामाचे दोन दिवस प्रवासात, म्हणजे तेवढी कमाई बुडाली. हा खर्च तर वहीत लिहिलाच नव्हता.

पुढच्या दहा महिन्यांत फक्त चार घरं केली. महिन्याचं भाडं रात्रीच्या दरापेक्षा बरंच खाली येतं, आणि दुसऱ्या महिन्यापासून मालकाशी बोलून आणखी थोडं. पहिला महिना मात्र मी नेहमी वेबसाइटवरूनच घेते, कारण घर फोटोसारखं नसलं तर दाद मागायला जागा असते. एक महिना फुकटही राहिले. घरमालक गावाला गेले, मी त्यांची दोन मांजरं सांभाळली. यात एक खोच आहे. काही देशांत पैशांऐवजी राहायची सोय घेऊन केलेलं कामसुद्धा कामच धरतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. जायच्या आधी त्या देशाचा नियम वाचा.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी वेगळे व्हिसा निघालेत. एस्टोनियाने २०२० मध्ये काढला. थायलंडचा २०२४ मधला पाच वर्षांचा आहे, एका वेळी १८० दिवस राहता येतं. पण दोन्हींच्या अटी वाचल्या तर कळतं, की उत्पन्नाचा किंवा शिलकीचा भक्कम पुरावा मागतात. चणचण असलेल्या माणसासाठी ती दारं नाहीत. करांचंही तसंच: ‘कुठेच १८३ दिवस राहिलो नाही, म्हणजे कुठेच कर नाही’ असं छातीठोक सांगणारे खूप भेटले. अनेक देश दिवसांखेरीज घर, कुटुंब, कमाईचा स्रोतही बघतात. मी एकदा सल्लागाराचे पैसे भरले आणि शांत झोपले.

बारीकसारीक दोन. एटीएममध्ये ‘तुमच्या कार्डाच्या चलनात हिशेब करू का?’ असं विचारलं की नाही म्हणा; तो दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो. आणि बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम जिवापाड जपा. मी डोंगरातल्या एका घरी होते, सिमला रेंज नव्हती, भाड्याची तारीख उलटून गेली आणि मालकीणबाईंसमोर फोन उंच धरून अंगणभर फिरत होते. आता दोन बँकांची खाती आहेत आणि त्यातल्या एकीचं काम सिमशिवाय, ॲपवरच चालतं.

ढेकूण एकदा झाले. कपडे ड्रायरमध्ये सगळ्यात जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवले, ते सुटले. सॅक ड्रायरमध्ये जाईना. टॉर्च धरून तिची एकेक शिवण तपासली. अडतीस खाचा आहेत, मला आता तोंडपाठ आहेत.

पुन्हा घेईन का? हीच नाही. ३० लिटरची, हलकी, पुढे कप्पा नसलेली, सुटकेससारखी पूर्ण उघडणारी घेईन. वरून तोंड असलेली नको. ओला टॉवेल नेहमी तळाशीच असतो. कमरेचा पट्टा मात्र हवाच, खांद्यावरचा भार नितंबांवर गेला की एक किलोमीटरचा फरक पडतो. वर्षाला चार वेळा हलणाऱ्याला ही सॅक पुरून उरेल. दर आठवड्याला हलायचं असेल तर सॅकेपेक्षा आधी वहीची बेरीज करा.

सध्या ती दाराच्या खिळ्याला टांगलीय, तोंड उघडं ठेवून. तिसऱ्यांदा अडकली तेव्हा लावलेली विमान कंपनीची पट्टी अजून हँडलला आहे, कात्री मिळत नाही म्हणून. पुढचं तिकीट सात आठवड्यांनी. तोवर सरकणारा तुकडा बदलून घ्यायचाय. पकडीने दाबून दाबून तो आता फार दिवस टिकेलसं दिसत नाही.