कोळशाचा स्टोव्ह : एका हिवाळ्यानंतरचा अनुभव (आणि राखेच्या ट्रेबद्दल बरंच काही)

जानेवारीत, बाहेर ५ अंश फॅरनहाइट असताना घर गरम ठेवणाऱ्या आमच्या स्टोव्हची, ज्यावर कोळसा जळतो ती जाळी वाकली. राख पाडायला जाळी हलवायचा दांडा अर्ध्यातच अडकला, विस्तव विझला आणि दोन दिवस घर गरम ठेवायला पुन्हा जुन्या हीटरमध्ये ऑइल जाळावं लागलं. दुकानदार म्हणाला, "जाळी वॉरंटीत येत नाही. तुम्ही राखेचं दार उघडं ठेवलं असणार." मी ते दार रोज खटका लावून बंद करत होतो. म्हणून हे लिहितोय.

आम्ही पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनजवळ राहतो, अँथ्रासाइटच्या, म्हणजे टणक, कमी धुराच्या कोळशाच्या पट्ट्यातच. मागच्या हिवाळ्यात ऑइलची २७५ गॅलनची टाकी तीनदा भरली आणि तेव्हाच ठरवलं की पुरे. हिशेब सरळ आहे : एक टन अँथ्रासाइटची उष्णता साधारण १८० गॅलन ऑइलएवढी. यंदा साडेतीन टन लागला. गाडी घेऊन ब्रेकरवर (कोळसा फोडून आकारानुसार चाळतात त्या कारखान्यावर) गेलं तर पोत्यांपेक्षा सुटा माल स्वस्त पडतो. मी पहिला टन ४० पौंडांच्या पोत्यांत घेतला, ते पैसे अजून टोचतात.

स्टोकर घ्यायचा की हाताने कोळसा घालायचा, यावर घरात महिनाभर चर्चा झाली. स्टोकर तांदळाएवढा बारीक कोळसा स्वतःच ओढतो, पण त्याला वीज लागते. इथे हिमवादळात वीज जाते, आणि नेमकी तेव्हाच ऊब हवी असते. म्हणून हाताचा घेतला. त्यात 'नट' नावाच्या, जरा मोठ्या आकाराचा कोळसा चालतो. दिवसातून दोनदा, दर बारा तासांनी भरायचा. ऑक्टोबरच्या शेवटी पेटवला तो जाळी वाकेपर्यंत एकदाही विझला नाही. ताज्या कोळशावर निळ्या ज्वाळा नाचतात, धूर जवळजवळ नाहीच, आणि पहाटे स्वयंपाकघरातली फरशी पायाला कोमट लागते. या सुखासाठी मी बरंच काही सहन करेन.

राखेचा ट्रे मात्र नाही.

रोज एक पोतं जळतं, म्हणजे रोज चार-पाच पौंड राख. जाळीखालच्या या ट्रेची मागची कड जेमतेम तीन इंच. जाळी हलवली की थोडी राख ट्रेच्या मागे सांडते. रोज मूठभर. दिसत नाही, कारण ट्रे पुढून व्यवस्थित बसलेला वाटतो.

जेसी फेलने १८०८ साली शेजारच्या विल्क्स-बॅरमध्ये साध्या लोखंडी जाळीवर अँथ्रासाइट जाळून दाखवला. भाता लागला नाही, खालून आपोआप येणारी हवा पुरली. आजच्या स्टोव्हचंही मर्म तेच आहे. खालून जाणारी हवा विस्तव फुलवते आणि तीच जाळीला गारही ठेवते. राख जाळीला टेकली की लोखंड तापून वाकतं. आणि खालच्या दारातून नको तेवढी हवा शिरली तर विस्तव भडकतो, तेव्हाही तेच.

इथपर्यंत मी दुकानदाराला दोष देत होतो. नवी जाळी स्वतःच्या खर्चाने आणली. ती बसवताना शेजारचे आजोबा मदतीला आले. त्यांच्या घरात त्यांच्या जन्माआधीपासून कोळसाच जळतो. त्यांनी दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. ती अलगद बाहेर आली. ट्रे काढून मागे बॅटरी मारली तर चांगला घमेलंभर थर बसलेला! तो ट्रेला पुढे ढकलत होता, ट्रे दाराला. खटका लागत होता, पण दोरीचं सील दाबलं जात नव्हतं. म्हणजे दार उघडं होतं, हे दुकानदाराचं म्हणणं खरंच निघालं. पण ते मी उघडं ठेवलं नव्हतं, ट्रेने ठेवलं होतं. हे त्याला फोटोसकट कळवलं. उत्तर नाही.

ट्रेच्या मागच्या कडेला दोन इंच पत्रा रिव्हेट करून लावला. फेब्रुवारीपासून मागे राख नाही.

आजोबांनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. विस्तव वरून ढोसायचा नाही. खालून थोडं थोडं हलवायचं आणि लाल ठिणग्या पडायला लागल्या की थांबायचं. आणि नवा कोळसा घालताना एका कोपऱ्यात लाल निखारा उघडा ठेवायचा, म्हणजे कोळशातून निघणारा वायू लगेच पेटतो. सगळं झाकलं तर तो साचतो आणि एकदम भडका उडतो.

आई डिसेंबरात आली होती. गावी ती रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची, सकाळी फुंकर घातली की चूल तयार. इथेही तिने तसंच सुचवलं. लाकडाला ते चालतं, अँथ्रासाइट राखेखाली गुदमरतो. ही राख तिला भांडी घासायलाही दिली नाही. ती बर्फ झालेल्या ड्राइव्हवेवर टाकतो, पण आधी काही दिवस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवून.

एप्रिलमध्ये ऊन पडलं की चिमणीची ओढ मंदावते, आणि जळताना निघणारा विषारी वायू वर न जाता घरात शिरू शकतो. एका दुपारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. मुलं वरच्या खोलीत झोपली होती. त्यांना उचलून बाहेर धावलो, ते आठवलं की अजून हात थरथरतात. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. अलार्म प्रत्येक मजल्यावर लावा, आणि त्यात काटकसर करू नका.

पुढच्या वर्षीही हाच स्टोव्ह वापरणार. तुम्ही घ्यायला गेलात तर दुकानातच ट्रे बाहेर काढा, मागची कड बोटांनी मोजा आणि दारात कागद धरून बघा. मी येत्या शनिवारी स्टोव्हपासून चिमणीपर्यंतचा पाइप उतरवून साफ करणार आहे. आतली राख उन्हाळ्याच्या दमटपणात ओली झाली की पत्रा खाते.