तयार ईआरपी की आपल्या कामावर बेतलेलं सॉफ्टवेअर?

तयार ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारं बाजारातलं सॉफ्टवेअर घ्यावा की आपल्या कामाप्रमाणे सॉफ्टवेअर लिहून घ्यावं, असं भोसरी-चाकणकडचे कारखानदार मित्र विचारतात. मी आधी त्यांनाच विचारतो: गिऱ्हाईक तुमच्याकडे का येतं? उत्तर यायला वेळ लागतो, पण माझ्या मते अर्धी निवड तिथेच होते. मॉड्यूल, दर, क्लाउड की ऑफिसातला सर्व्हर, हे सगळं डेमोत कळतं, म्हणून ते इथे सांगत बसत नाही.

आमचं भोसरीत सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर पार्ट बनवण्याचं युनिट आहे, सत्तरेक माणसांचं. मोठ्या पुरवठादारांना दोनशे नगांची ऑर्डर परवडत नाही. आम्ही ती घेतो आणि आठवड्याच्या आत माल देतो. पंप आणि व्हॉल्व्हवाले त्यासाठीच आमच्याकडे येतात, चार पैसे जास्तही देतात. लहान लॉट, लवकर माल, हे आमचं धोरण. पण ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ईआरपी घेताना आम्ही ते विक्रेत्याला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

ईआरपी आम्ही तीन वर्षं वापरला. त्याने आम्हाला बरंच दिलं, हे आधी सांगतो. एकाच बोल्टला स्टोअरचा एक कोड, खरेदीचा दुसरा आणि उत्पादनाचा तिसरा, हा घोळ त्याच्यामुळेच मिटला. सरकारी नियम बदलले तरी झोप उडत नसे. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, सक्तीचं होण्याची मर्यादा १ ऑक्टोबर २०२२ पासून १० कोटींच्या उलाढालीवर आली, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर. दोन्ही वेळा अपडेट आलं आणि काम चालू राहिलं. महिन्याला ठरलेल्या शेड्यूलने तेच तेच पार्ट हजारोंनी देणारा कारखाना असेल, किंवा दोन-तीन प्लांटचा हिशेब एकत्र हवा असेल, तर मी आजही तयार ईआरपीच घ्या म्हणेन.

आमचं अडलं ते नोंदींवर. वर्क ऑर्डर उघडा, माल इश्यू करा, प्रत्येक ऑपरेशन बुक करा, बाहेर प्लेटिंगला, म्हणजे धातूचा थर चढवायला, जाणाऱ्या मालाचं चलान काढा, परत आलेला माल इनवर्ड करा, तपासणी, डिस्पॅच. आमच्या साध्या पार्टलाही चौदा नोंदी व्हायच्या. लॉट वीस हजारांचा असो की दोनशेचा, नोंदी चौदाच. वीस हजारांच्या लॉटमागे चौदा नोंदी म्हणजे काहीच नाही. पण आमच्याकडे एका वेळी तीसेक लहान लॉट फिरत असतात, म्हणजे चारशेच्या आसपास नोंदी.

सुपरवायझरने मग माणूस करेल तेच केलं. एकाच पार्टच्या दोन ऑर्डर आल्या की पहिली थांबवून दोन्ही एकत्र लावायला सुरुवात केली. प्लेटिंगला रोज जाणारा माल आठवड्यातून दोनदा जाऊ लागला, कारण तेवढी चलानं कमी. दिवसभराच्या नोंदी शिफ्ट संपताना आठवून व्हायच्या. पाच दिवसांत जाणारा माल नवव्या-दहाव्या दिवशी जाऊ लागला आणि कारण आम्हाला दिसेना, कारण स्क्रीनवर सगळं नीट होतं. मी सुपरवायझरला बोललो, तेही चारचौघांत. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आम्ही लहान लॉटवर जगत होतो, आणि सॉफ्टवेअर कोणालाही न सांगता आम्हाला मोठ्या लॉटकडे ढकलत होतं.

त्यात प्लेटिंगवाला माल घेतो नगांत आणि परत देतो किलोत. त्यावर थर चढलेला, म्हणजे वजनही थोडं बदललेलं. आकडा जुळल्याशिवाय इनवर्ड होत नसे, म्हणून स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी एक वही घातली. जीएसटीत जॉबवर्कला, म्हणजे असं बाहेरून काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. त्यामुळे ही नोंद चुकून चालत नाही. एकदा हिशेबावरून ताण झाला तेव्हा सोडवणूक त्या वहीने केली. खरी नोंद वहीत आणि खर्च ईआरपीवर, हे पाहिल्यावर मी निर्णय घेतला.

आता दोन वर्षं उत्पादन आणि जॉबवर्क आमच्या कामावर बेतलेल्या सॉफ्टवेअरवर आहे. प्रत्येक लॉटसोबत क्यूआर कोड छापलेलं रूट कार्ड फिरतं. ऑपरेशन संपलं की मशीनवरचा माणूस फोनने स्कॅन करतो आणि पुढची नोंद आपोआप होते. प्लेटिंगचा माल किलोत स्वीकारता येतो, ठरवलेल्या टक्क्याइतका फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर माझ्याकडे येतो. काकांची वही बंद झाली, कोणी सांगितलं म्हणून नाही, गरज उरली नाही म्हणून. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे: माल कधी येणार म्हणून येणारे गिऱ्हाइकांचे फोन कमी झाले.

जोखीम आहेच. लिहिणारा सोडून गेला तर काय, हा प्रश्न रास्त आहे. सोर्स कोड आमच्या नावावर आहे आणि दुसऱ्या एका माणसाला तो कळतो, याची मी खात्री केली. कारखान्यातला प्रत्येक विभाग रोज नवा बदल मागतो. ज्याने माल एका दिवसानेही लवकर जाणार नाही, तो बदल आम्ही थांबवतो. आणि हिशेबाचं पॅकेज मात्र तयारच ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. ते घरी लिहीत बसण्यात अर्थ नाही.

लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात. तिने सात वर्षं चाललेला, सॅप या कंपनीची तयार प्रणाली बसवण्याचा प्रकल्प २०१८ मध्ये थांबवला. खर्च सुमारे ५० कोटी युरो झाल्याच्या बातम्या होत्या. लिडल साठ्याची किंमत खरेदीदराने धरत होती, प्रणाली विक्रीदराने. एक बाजू म्हणते, त्यांनी आपली पद्धत बदलायला हवी होती. दुसरी म्हणते, आपली पद्धत न बसणारी प्रणाली घ्यायलाच नको होती. मला वाटतं, खरेदीदराने साठा धरणं हीच त्यांच्या धंद्याची ताकद होती की नुसती जुनी सवय, हे पहिल्या महिन्यात ठरवायला हवं होतं. सवय असेल तर प्रणालीपुढे वाकावं. आमचे तीन कोड ही सवय होती, तिथे आम्ही वाकलो ते बरंच झालं. दोनशे नगांचा लॉट ही सवय नव्हती.

तुमचा धंदा वेगळा असेल, म्हणून माझंच बरोबर असा आग्रह नाही. पण डेमोला बसाल तेव्हा विक्रेत्याने आणलेलं उदाहरण बाजूला ठेवा. आपली सर्वात लहान, सर्वात घाईची आणि जॉबवर्कला जाणारी एक ऑर्डर सोबत न्या, ती सुरुवातीपासून डिस्पॅचपर्यंत त्याच्याकडून चालवून घ्या आणि नोंदी मोजा. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवा.