फॉरमॅट न मारता सुरू झालेला संगणक : कणकवलीतील दुरुस्ती दुकानाविषयी अभिप्राय

कणकवलीच्या बाजारपेठेतील या दुकानाबद्दल सर्वांत आधी हे सांगितले पाहिजे की, बंद पडलेला संगणक टेबलावर ठेवल्याबरोबर ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवावे लागेल, असे येथे कोणी म्हणत नाही. देवगडपासून सावंतवाडीपर्यंत हे वाक्य इतके सरसकट ऐकू येते की, अपडेटनंतर संगणक सुरू होईनासा झाला म्हणजे त्यातील सारे काही गेले, अशीच बहुतेकांची समजूत झाली आहे. प्रत्यक्षात अशा वेळी डिस्कवरील माहिती बहुधा जागच्या जागी सुरक्षित असते. बिघाड असतो तो विंडोज सुरू होण्याच्या पहिल्या काही पायऱ्यांत. हा फरक ओळखून काम करणारे दुकान आपल्या भागात आहे, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

देवगड तालुक्यात आमचा हापूस आंब्याचा लहानसा व्यवसाय आहे. ऐन मे महिन्यात, विंडोजचे अपडेट बसत असतानाच वळवाच्या पावसात वीज गेली. त्यानंतर संगणक विंडोजच्या चिन्हापर्यंत जाई, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ (सुरू होण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नाही) असा संदेश दाखवी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. (या संदेशाचा पडदा वर्षानुवर्षे निळा होता, विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत तो काळा झाला आहे, त्यामुळे केवळ रंगावरून निदान करणाऱ्यांची पंचाईत होणार.) आत टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममधील खाती होती, मुंबई-पुण्याच्या ग्राहकांचे पत्ते होते, पाच डझनी पेट्यांच्या मागण्यांच्या याद्या होत्या आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये टाइप केलेली लेबले व पत्रके होती. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मजकूर ते फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, तर मराठी अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणजे फाइल शाबूत राहिली तरी फॉरमॅटनंतर ती वाचता येईलच असे नाही. तालुक्याच्या ठिकाणी ज्यांना प्रथम दाखवले, त्यांनी ५०० रुपयांत फॉरमॅट करून देण्याची तयारी दाखवली होती. आतील माहितीविषयी मात्र एक शब्दही विचारला नव्हता.

नांदगाव तिठ्यावरून सीपीयू कणकवलीत नेला, तेव्हा येथील तंत्रज्ञाचा पहिला प्रश्न होता, “तुमचो डेटा खंय आसा?” दुसरा प्रश्न डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील सुरक्षा सोयीने कुलूपबंद आहे का, हा होता. हे दोन प्रश्न आणि त्यांचा क्रम, दोन्ही अचूक आहेत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या अनेक संगणकांवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की, डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. दुरुस्तीच्या पडद्यात शिरताना मग हे कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. परंतु खात्याचा ईमेल नवा संगणक विकणाऱ्याने स्वतःच्या सोयीने उघडलेला असेल आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसेल, तर कोणताही कारागीर हतबल होतो. आमची डिस्क कुलूपबंद नव्हती. त्यांनी पेन ड्राइव्हवरून उबुंटू ही विंडोजशिवाय चालणारी वेगळी प्रणाली सुरू करून आधी सर्व फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले, त्यांतील काही फाइल्स उघडून दाखवल्या आणि मगच विंडोजला हात लावला.

यापुढची दुरुस्ती विंडोजच्या स्वतःच्याच रिकव्हरी विभागातून झाली. संगणक सलग दोनदा सुरू होण्यात अयशस्वी झाला की, पुढच्या खेपेस हा विभाग सहसा आपोआप उघडतो. त्यात ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ येथे गेल्यावर शेवटचे अपडेट काढून टाकण्याचा पर्याय मिळतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी लहान अपडेट आणि आवृत्तीच बदलणारी मोठी अपडेट यांचे पर्याय तेथे वेगवेगळे आहेत, आणि मोठी अपडेट मागे घेण्याची मुदत सामान्यतः फक्त १० दिवसांची असते. आमच्या बाबतीत लहान अपडेट काढण्याचा प्रयत्न फसला, कारण ती पुरती बसलेलीच नव्हती. अशा वेळी पुष्कळजण ‘रिसेट’कडे वळतात. त्यात ‘माझ्या फाइल्स ठेवा’ असे आश्वासन असले, तरी बसवलेले प्रोग्राम जातात, म्हणजे टॅली आणि श्रीलिपी पुन्हा बसवणे आलेच. येथील तंत्रज्ञाने तसे न करता कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडली, रिकव्हरीत विंडोजची डिस्क ‘सी’ऐवजी दुसऱ्याच अक्षराने दिसते आहे हे आधी तपासले, आणि विंडोजमधील डिझम या साधनाच्या ‘रिव्हर्ट पेंडिंग अ‍ॅक्शन्स’ या आज्ञेने अर्धवट राहिलेले बदल मागे घेतले. त्या एका आज्ञेनंतर संगणक पूर्वीसारखा उघडला. अक्षर तपासण्याची ही खबरदारी क्षुल्लक वाटेल, पण चुकीच्या डिस्कवर आज्ञा चालवून ‘जमत नाही, फॉरमॅटच करा’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत.

दुकानाच्या भिंतीवर यूएसबीच्या आधीचा, गोल पिनचा जुना कीबोर्ड टांगलेला आहे. तो मोडीत न काढण्याचे कारण विचारले असता मिळालेले उत्तर ऐकण्यासारखे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर रिकव्हरी विभागात यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले होते. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला वेगळे अपडेट देऊन ते दुरुस्त केले. मात्र ज्यांचा संगणक त्याच दिवसांत बंद पडला, त्यांच्यासमोर औषधाची बाटली होती आणि झाकण उघडत नव्हते. गोल पिनचा कीबोर्ड त्या काळातही चालत होता. जुन्या वस्तूंची अशी नेमकी उपयुक्तता ठाऊक असणारा माणूस मला नव्या यंत्रांच्या जाहिराती लावणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

फॉरमॅट हा पहिला उपाय असता कामा नये, हे पटत नसेल त्यांनी १९ जुलै २०२४ चा प्रसंग आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होताना कोसळू लागले; विमानतळ, रुग्णालये, बँका अडल्या. ते विंडोजचे अपडेट नव्हते, पण लक्षणे हीच होती. त्यावरचा उपाय होता सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरतेच विंडोज सुरू करून) किंवा रिकव्हरी विभागात जाऊन ती फाइल काढून टाकणे. आणि तेथेही बिटलॉकरची की नसलेल्यांचीच सर्वाधिक कुचंबणा झाली. एक फाइल काढून जे काम होते, त्यासाठी घर मोकळे करण्याची गरज नसते.

आता या दुकानाच्या उणिवा. संगणक ताब्यात घेतल्याची छापील पावती मिळत नाही. वहीत नाव आणि फोन क्रमांक लिहिला की झाले. काम कधी होईल हे विचारल्यास ‘बघूया’ यापलीकडे उत्तर नाही, आणि फोन क्वचितच उचलला जातो. आमच्या माहितीची जी प्रत त्यांनी काढली होती, ती काम झाल्यावर पुसण्याची आठवण आम्हालाच करावी लागली. ग्राहकांचे पत्ते आणि खाती असलेली प्रत दुकानात पडून राहणे मला मान्य नाही. सर्वांत गंभीर आक्षेप असा की, दुरुस्तीनंतर त्यांनी विंडोजची अपडेट सेवाच कायमची बंद करून ठेवली होती. पुन्हा तीच कटकट नको, हा त्यामागील हेतू समजतो; परंतु ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, त्याची सुरक्षा दुरुस्त्यांची वाट कायमची अडवणे योग्य नाही. सेटिंग्जमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवण्याची सोय आहे, आणि हंगामाचा ऐन भर ओलांडायला ती पुरेशी आहे. सांगितल्यावर त्यांनी हरकत न घेता तसा बदल करून दिला.

माहितीची प्रत आणि दुरुस्ती मिळून ८०० रुपये घेतले. फॉरमॅटपेक्षा हा खर्च अधिक आहे, पण टॅली, प्रिंटर आणि फाँट पुन्हा बसवण्याचा खटाटोप वाचला हे पाहता मला तो रास्त वाटतो. त्यांनी सुचवलेला यूपीएसही आम्ही घेतला. किंमत कुडाळच्या दुकानांइतकीच होती.

जाणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड लिहून सोबत न्यावा, सीपीयूबरोबर मॉनिटर नेण्याची गरज नाही, आणि चतुर्थीच्या आधीचा पंधरवडा टाळावा. त्या दिवसांत चाकरमान्यांचे लॅपटॉप रांगेत असतात आणि दुकानासमोर गाडी लावायला जागा नसते. उड्डाणपुलाखाली लावून चालत यावे लागते.