सरकारी नकाशांसाठी क्यूजीआयएस: हद्दी नीट बसतात, मराठीला मात्र जपावं लागतं

जिल्हा परिषद, वन विभाग किंवा तहसीलसाठी नकाशे काढणाऱ्याला क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं फुकटातलं सॉफ्टवेअर पुरतं का? पुरतं. फक्त इन्स्टॉल करताना ताज्या आवृत्तीच्या मोहात पडू नका, 'लाँग टर्म रिलीज' (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी स्थिर आवृत्ती) घ्या.

नंदुरबारपासून रावेरपर्यंत अख्खा खानदेश यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या) ४३ उत्तर पट्ट्यात येतो, म्हणून प्रोजेक्ट ईपीएसजी ३२६४३ वर, म्हणजे याच पट्ट्याच्या सांकेतिक क्रमांकावर, ठेवायचा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या ओपन सिरीज शीट त्यात सरळ बसतात. जुन्या एव्हरेस्ट स्फेरॉइडवरच्या (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावरच्या) ४६ के, ४६ एल अशा स्कॅन शीट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ते आजचं माप) समजून टाकल्या, तर तापीचं पात्र सॅटेलाइट चित्रापासून सरकलेलं दिसतं.

खरी डोकेदुखी शेपफाइलची, म्हणजे नकाशाची माहिती साठवायच्या जुन्या फाइलप्रकाराची. कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. 'ग्रामपंचायत' लिहायला गेलात तर 'ग्र'वरच संपतं. मजकुराच्या रकान्यात २५४ बाइट, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम ८४ चिन्हं. सोबतची सीपीजी फाइल (मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते सांगणारी) पेनड्राइव्हवर घ्यायची राहिली की गावांच्या नावांचा कचरा होतो. काम जिओपॅकेज या नव्या फाइलप्रकारातच करा, शेपफाइल कार्यालयाने मागितली तरच काढून द्या. गावांची यादी कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आली असेल तर आधी युनिकोड करून घ्या आणि रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर हमखास तिथेच घसरतात.

लेबलला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट चांगले दिसतात. ए-० भिंतीनकाशावर गावं ७ पॉइंट, तालुके १६-१८, भोवती ०.६ मिमी पांढरा बफर (अक्षरांची कड). अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते, त्यामुळे ठसठशीतपणा हवा तर फॉन्टचं वजन (जाडी) वाढवा. नदीच्या वळणावर फिरणारं लेबलही टाळा: 'पांझरा'ची शिरोरेखा पायऱ्या-पायऱ्यांची होते. पात्राला समांतर, सरळ लेबल बरं. इंग्रजीत सुंदर दिसणारी ही सोय मराठीत फारशी कामाची नाही.

पीडीएफ काढताना मजकूर 'आउटलाइन' (अक्षरांऐवजी त्यांचे आकार) म्हणून पाठवा. मजकूर म्हणून पाठवला तर कोरल ड्रॉमध्ये जोडाक्षरं सुटण्याचा धोका असतो. मग साहेबांनी एका गावाचं नाव बदलायला सांगितलं की पुन्हा क्यूजीआयएसमध्ये जावं लागतं, ते परवडलं. फ्लेक्सवर ०.२५ मिमीपेक्षा बारीक रेषा विरते. शिवहद्दी दिसायला हव्या असतील तर मॅट कागदच घ्या. सातपुड्याचा गडद हिरवा छपाईत मळकट होतो, तेव्हा आधी ए-४ वर नमुना मागा. कोपऱ्यातल्या भारताच्या छोट्या नकाशाला ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी बनवलेल्या खुल्या नकाशाची हद्द चालणार नाही, सर्व्हे ऑफ इंडियाचीच लावा.

अॅटलस हे मात्र हुकमी हत्यार: एक लेआउट करा, जळगावच्या पंधराही तालुक्यांची पानं आपोआप निघतात. त्यात 'मार्जिन'चा (तालुक्याभोवती ठरावीक मोकळी जागा सोडण्याचा) पर्याय ठेवला तर बोदवडला एक प्रमाण, चोपड्याला दुसरं आणि तेही १:८७,४१३ असलं विचित्र. 'प्रीडिफाइंड स्केल' निवडून १:५०,००० आणि १:१,००,००० असे गोल आकडे भरून ठेवा. स्केलबारवरचं 'किमी' हाताने लिहायला विसरू नका.